गाव बाहेर, कलमे आत

आग विझली की बातमी संपते. वर्तमानपत्रात होतो तेव्हा मीही ती तिथेच संपवत असे. 'सुदैवाने जीवितहानी झाली नाही' हे वाक्य शेवटी टाकले की पानाचा कोपरा भरायचा आणि उपसंपादक म्हणून माझी जबाबदारी पार पडायची. पुढे मी एका मदत संस्थेत नोकरी धरली आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिलो. त्या नोकरीतले काम या वाक्यानंतर सुरू होत असे.

माझे पद 'क्षेत्र समन्वयक'. पूर, दरड किंवा वणव्यामुळे घर सोडून बाहेर पडलेली माणसे परत घरी जाऊन पूर्वीसारखी राहू लागेपर्यंत त्यांच्याबरोबर असणे आणि त्याचा अहवाल पुण्याच्या कार्यालयाला पाठवणे, एवढे काम. सिंधुदुर्गात पूर आणि दरडी पावसाळ्यात येतात. वणवे फाल्गुन-चैत्रात लागतात. गावांच्या डोक्यावर सडा असतो, म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे पठार. त्यावर पावसाळ्यात वाढलेले गवत मार्चपर्यंत कागदासारखे होते. सड्याच्या उतारावर काजू, काजूखाली घरे. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की एक ठिणगी पुरते. आग कोणी लावली या प्रश्नापुढे पंचनाम्यात 'अज्ञात' लिहिलेले असते. गावात ते प्रत्येकाला माहीत असते, फक्त प्रत्येकाच्या माहितीत नाव वेगळे असते.

वणव्यात आमच्याकडे घर सहसा जळत नाही. घर ज्यांच्यावर चालते त्या गोष्टी जळतात. गुरांसाठी रचून ठेवलेले गवत, शेतातला मांगर, म्हणजे औजारे आणि सुके सामान ठेवायची खोप, पावसाळ्याची लाकडे, आणि सड्याच्या उतारावरच्या झऱ्यातून घरापर्यंत आणलेला काळा पाइप. पाइप जळल्याचे लवकर कोणाच्या लक्षात येत नाही, कारण तो जळल्यावर उरतच नाही. पुरुष परत येतात ते काजूची झाडे बघायला जातात. बायका नळ उघडून बघतात. गाव खऱ्या अर्थाने परतला की नाही, हे मी नेहमी दुसऱ्या गोष्टीवरून ठरवत आलो.

मदतीचेही एक शास्त्र आहे. मदत देणाऱ्याच्या ऋतूत येते, घेणाऱ्याच्या नव्हे. मार्चअखेरीच्या उकाड्यात आमच्याकडे घोंगड्यांचे गठ्ठे येत. आरोंद्याच्या बाजूला एका वणव्यानंतर लोकरीचे स्वेटर आले होते. ते वाटताना एका निवृत्त खलाशाने स्वेटर उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "बाल्टिकात बोटीर होतंय तेवा कोणी दिलो नाय ओ!" त्याने तो घेतला. सगळेच घेतात. नको म्हटले तर पुढच्या वेळी पाणीही मिळणार नाही, अशी एक समजूत आहे, आणि ती अगदीच निराधार नाही.

आता जे सांगायचे आहे ते हुंबरवळचे. हे नाव मी दिलेले आहे. तालुक्यातले वाचक खरे नाव ओळखतील, त्याला इलाज नाही.

मंगळवारी दुपारी सड्यावर आग दिसली. संध्याकाळी ती काजूत उतरली तेव्हा गाव रिकामा होता. शेजारच्या गावातल्या शाळेत सोय केली होती. बुधवारी सकाळी मी तिथे पोहोचलो तेव्हा वर्ग झाडलेले होते, पाण्याचा टँकर उभा होता, बिस्किटांचे खोके आणि घोंगड्यांचे गठ्ठे ओट्यावर रचलेले होते. माणूस एकही नव्हता.

"लोक कुठे आहेत?" मी विचारले.

शाळेत रजिस्टर घेऊन बसलेल्या नायब तहसीलदारबाई साताऱ्याकडच्या. कोकणातली त्यांची पहिलीच नेमणूक. त्या म्हणाल्या, "मी स्वतः स्पीकरवरून सांगितलं, शाळेत जा. सगळ्यांनी हो म्हटलं. आणि सगळे तिकडे गेले." त्यांनी खिडकीतून व्हाळाकडे, म्हणजे ओढ्याकडे, बोट दाखवले.

व्हाळ ही हुंबरवळची वेस. गावातून पाहता त्याच्या पलीकडे आंब्याच्या झाडांखाली मोकळा माळ आहे. तिथे गेलो तर सगळे काही जागच्या जागी होते. माडाच्या विणलेल्या झावळ्यांच्या खोप्या उभ्या, चुली एका रांगेत, गुरे एका कडेला बांधलेली, कोंबड्या डालग्याखाली, म्हणजे टोपलीखाली. कुत्री मालकांच्या खोप्यांसमोर बसलेली. कोणाची खोप कुठे, याबद्दल कोणाला विचारावे लागले नव्हते.

कारण हा गाव दर तीन वर्षांनी असाच बाहेर पडतो. मालवण भागातल्या काही गावांत गावपळणीची रीत आहे. थंडीच्या दिवसांत ग्रामदेवतेचा कौल, म्हणजे देवाची परवानगी, घेऊन अख्खा गाव गुराढोरांसकट वेस ओलांडतो आणि तीन दिवस बाहेर राहतो. हिंदू जातात, ख्रिस्ती जातात, ज्यांचा देवधर्म फक्त निवडणुकीत दिसतो तेही जातात. चौथ्या दिवशी पुन्हा कौल घेतला जातो. कौल लागला तर गाव परत. नाही लागला तर मुक्काम आणखी एक दिवस.

माझ्या पिशवीत त्या दिवशी 'आपत्कालीन स्थलांतर: पूर्वतयारी' या विषयावरची पुस्तिका होती. पंचवीस प्रती. गावाचे पहिले मानकरी दाजी माझ्या हातातली प्रत घेऊन चित्रे बघत राहिले. सत्तरीचे, सडपातळ, मुंबईत कापडगिरणीत उमेदवारी करून परत आलेले गृहस्थ.

"किती वेळात बाहेर पडलात?" मी विचारले.

"पावणो तास. म्हशी आडल्यो, नायतर त्येच्याय आदी."

"सूचना कोणी दिल्या?"

दाजींनी पुस्तिका परत केली. "पेपरवाल्यानूं, तुमी शिकवूक इलास काय शिकूक?"

वर्तमानपत्र सोडून मला तेव्हा चौदा वर्षे झाली होती. गावांत मी शेवटपर्यंत पेपरवालाच राहिलो.

दहाच्या सुमारास आग पूर्ण विझल्याचा निरोप आला. नायब तहसीलदारबाई व्हाळावर आल्या आणि त्यांनी लोकांना सांगितले की आता घरी जायला हरकत नाही. कोणी हलले नाही. त्यांना वाटले ऐकू गेले नाही. त्यांनी पुन्हा सांगितले.

"मॅडम," दाजी नम्रपणे म्हणाले, "तुमची आग इझली. आमचो कौल खंय लागलो?"

"पण हे काही गावपळण नाही. आग लागली म्हणून तुम्ही बाहेर आलात."

"गाव भायर पडलो तर पळणच ती. देवाच्या हुकमाशिवाय पडलो ह्यी आमची चूक. आता हुकमाशिवाय आत गेलो तर दोन चुकी."

बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी कोकणातला म्हणून काही बोलेन असे त्यांना वाटले असावे. मी वही उघडली. अडचण आली की वही उघडावी, हे मी दोन्ही नोकऱ्यांत शिकलो.

आमच्या नोंदवहीत प्रत्येक घराला एक ओळ असे. रकाने ठरलेले: माणसे, गुरे, घर, मांगर, गवत, पाणी, इतर. दुपारपर्यंत मी जवळजवळ सगळी घरे लिहिली. शेवटी एका खोपीपुढे रोझलीन फर्नांडिस बसली होती. वय पंचावन्नच्या आसपास. नवरा बोटीवर, मुलगी मडगावला नर्स. घरामागे हिची काजूकलमांची रोपवाटिका. कलम बांधायला ती वेंगुर्ल्याला शिकली आणि वर्षाला हजारभर पिशव्या तयार करी. पावसाळ्याच्या तोंडावर आसपासचे बागायतदार ती घेऊन जात.

"नुकसान?" मी विचारले.

"अजून झाला नाय."

"मग काय लिहू?"

"शनवारापर्यंत होतला. तसा लिवा." मग तिने सांगितले. सड्यावरचा पाइप वितळला. कलमे सावलीच्या जाळीखाली सुखरूप आहेत, पण त्यांना सकाळ-संध्याकाळ पाणी लागते. मंगळवार सकाळनंतर मिळालेले नाही. "जमनीतला झाड आपला पाणी आपण सोदता. पिशयेतला माजी वाट बघता."

वहीत अजून न झालेल्या नुकसानीला जागा नव्हती. मी 'इतर' खाली लिहिले: 'रोपे. नुकसान निरंक.' ती समोरून उलटी वाचत होती.

"इतर म्हणजे काय ओ?"

"ज्याला स्वतंत्र रकाना नाही ते."

"बरा," ती म्हणाली.

मी तिला एक सूचना केली. पहाटे व्हाळ ओलांडून जावे, तिच्या विहिरीत पाणी होते, चार कळश्या घालून यावे. गावाचा देव तिचा देव नाही, तेव्हा तिला बंधन कसले? आणि बघणार तरी कोण?

"दोनय बघतले," ती म्हणाली. "गावाचो बघतलो, आणि माजो तेका सांगतलो."

गुरुवारी सकाळी पहिला कौल झाला. देऊळ वेशीच्या आत आहे. कौलासाठी गुरव आणि चार मानकरी यांनाच तेवढे आत जाता येते. मला वेशीवरून दिसत होते, ऐकूही येत होते. गुरव पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतो. प्रश्न विचारला जातो आणि मग सगळे वाट बघतात. उजवीकडची पाकळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार.

दाजींनी गाऱ्हाणे घातले. "बा देवा म्हाराजा, ह्यो तुझो गाव आगीच्या भयान तुका न इचारता भायर पडलो. आता आपापल्या घराक येवक बघता. तुजी मर्जी आसा तर उजवो कौल दी."

"व्हय म्हाराजा!" व्हाळापलीकडून सगळा गाव म्हणाला.

पाकळी डावीकडची पडली.

दिवसाला कौल एकदाच. गुरव परत आला तेव्हा मी त्याला गाठले. देवळातून वेशीकडे येणारी पायवाट रोझलीनच्या रोपवाटिकेला लागून जाते. जाता-येता विहिरीवरून थोडे पाणी घालता आले तर?

गुरवाने विचार केला. "माका देवळात जावची परवानगी आसा. कलमांक पाणी घालूची नाय."

हे वाक्य मी अनेक कार्यालयांत ऐकले होते. पण तिथे ते म्हणणाऱ्याच्या चेहऱ्यावर खेद नसे. इथे होता.

मी स्वस्थ बसलो नाही, हे नोंदवले पाहिजे. गुरुवारी संध्याकाळी कुडाळहून नवा पाइप आला, वेटोळी माळावर उतरवली. आत जाऊन तो जोडायला कोणी नव्हते. शुक्रवारी नायब तहसीलदारबाईंनी 'परत जाण्यास हरकत नाही' असे लेखी पत्र दिले. दाजींनी ते दोन्ही हातांनी घेतले, कपाळाला लावले आणि म्हणाले, "ह्यां देवाच्या पायाकडे ठेवतंय." ठेवले असणार. त्या सकाळीही पाकळी डावीकडचीच पडली.

रोझलीन सकाळी व्हाळाच्या काठावर येऊन उभी राहत असे. तिथून तिच्या जाळीचा हिरवा कोपरा दिसे. शुक्रवारी तिने मला हाताने दाखवले. जाळीखालच्या पुढच्या रांगेतली पाने खाली वळली होती. तीन दिवस झाले होते.

"आज संध्याकाळपर्यंत आसत," ती म्हणाली. "मगे पाणी घालून उपेग नाय."

मी वहीत काही लिहिले नाही. लिहिण्यासारखा रकाना तोच एक होता आणि तो मी भरून टाकला होता.

दुपारी मानकऱ्यांची बैठक आंब्याखाली बसली. दोन वेळा कौल लागला नाही म्हणजे काहीतरी चुकले आहे, यावर एकमत होते. काय चुकले, याचाही एक पूर्वीचा दाखला होता. मागच्या एका पळणीत असाच कौल लागत नव्हता. शोधाशोध केल्यावर एका घरात डालग्याखाली अंड्यांवर बसलेली कोंबडी सापडली. जित्या जिवाने वेशीच्या आत राहायचे नाही, अशी रीत. ती कोंबडी बाहेर काढली आणि दुसऱ्या दिवशी कौल लागला.

"तेवा परत मोजा," दाजींनी सांगितले.

घरोघर मोजणी झाली. म्हशी, गायी, कोंबड्या, कुत्री. एक मांजर कमी भरले, पण ते लगेच बिस्किटांच्या खोक्यात सापडले. तात्या म्हणून दुसरे मानकरी होते, माडांची मोठी बाग असलेले, आवाज मोठा. ते म्हणाले, "सगळा भायर आसा. चूक सरकारची आसा. तलाठी काल आत फिरलो."

"सरकार जित्यात धरनत नाय," दाजी म्हणाले. माळावर पहिल्यांदाच हशा पिकला.

तेव्हा मागच्या बाजूने रोझलीन म्हणाली, "दाजीनूं, माजी कलमां रवली."

क्षणभर कोणाला कळले नाही.

"कोंबडेक जीव होतो," ती म्हणाली, "माज्या कलमांक नाय?"

तात्या उसळले. "मगे माजे माडय उपटून भायर काढूचे काय? आंबे? फणस? सगळो गाव काढ भायर!"

हा मुद्दा बिनतोड होता. मी न्यायालयांच्या बातम्या बरीच वर्षे लिहिल्या आहेत. अशा मुद्द्यावर वकील तारीख मागून घेतात. दाजींनी तारीख मागितली नाही. ते उठून व्हाळाच्या काठापर्यंत गेले, पलीकडे त्या हिरव्या जाळीकडे बघत उभे राहिले. परत आले आणि न बसताच बोलले.

"जमनीत मूळ आसा तां गावाचा. पिशयेत मूळ आसा तां घराचा. घरातला जां काय जितां आसा, तां भायर येवक व्हया." मग रोझलीनकडे वळून, थोडे रागानेच: "तीन दिस गप कित्याक बसलस गो बाये? तुज्या पायी देव आमका भायर ठेवून बसलो हा."

जंगम मालमत्तेची याहून स्पष्ट व्याख्या मी कुठल्या कायद्यात वाचलेली नाही.

पुढचा प्रश्न दाजींनीच सोडवला. कलमे बाहेर काढायला आत जाणे म्हणजे परत जाणे नव्हे. पळण पुरी करणे. त्यासाठी वेगळा कौल लागत नाही, कोंबडीच्या वेळीही घेतला नव्हता. पाच मिनिटांत माळ उठला. हारे, पाट्या, डालगी, घमेली, जे मिळेल ते घेऊन लोक व्हाळात उतरले आणि साखळी धरून उभे राहिले. जाळीखाली रोझलीन. ती पिशव्या निवडून देत होती, आधी कोमेजलेल्या. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात, व्हाळाच्या दगडांवरून माळावर. तात्या साखळीच्या मधोमध उभे होते आणि प्रत्येक पिशवीमागे काहीतरी पुटपुटत होते, पण पिशवी एकही खाली पडू दिली नाही.

मी शाळेत धावलो. टँकर माळावर आणवला. तीन दिवस शाळेच्या आवारात उभा असलेला तो टँकर हलल्याचे बघून मुख्याध्यापक बाहेर आले. त्यांच्याकडून घोंगड्यांचे गठ्ठे घेतले. घोंगड्या टँकरखाली भिजवल्या आणि आंब्याच्या फांद्यांना बांधून कलमांवर सावली केली. उन्हाळ्यात घोंगड्या पाठवणाऱ्यांबद्दल मी आयुष्यभर जे बोललो, त्यातले थोडे इथे मागे घेतो.

चारच्या सुमारास नायब तहसीलदारबाईंची जीप आली. त्या परतीच्या कामाची पाहणी करायला आल्या होत्या. त्यांना दिसले ते असे: आग विझल्यापासून तिसऱ्या दिवशी सगळा गाव पुन्हा एकदा बाहेर येतो आहे, आणि या वेळी रोपे घेऊन.

"आता कुठे निघालात?" त्यांनी व्हाळातल्या एका बाईला विचारले.

"भायर."

"आग तर विझली!"

"आग इझली मॅडम. पळण खंय पुरी झाली?"

नायब तहसीलदारबाईंनी फोन काढला. वरिष्ठांशी बोलत होत्या. "हो सर. हो. नाही सर, अजून परत नाही. स्थलांतर सुरू आहे." पलीकडून काय विचारले गेले ते ऐकू आले नाही. फोन जीपमध्ये ठेवून त्यांनी चपला काढल्या, साडी खोचली आणि व्हाळात उतरून दोन माणसांच्या मध्ये उभ्या राहिल्या. त्यांची बदली नंतर लवकर झाली. गावात अजून त्यांची चौकशी होते.

शनिवारी सकाळी दाजींनी तेच गाऱ्हाणे घातले, शब्दही बदलला नाही. पाकळी उजवीकडची पडली. दुपारपर्यंत पाइप जोडून झाला. संध्याकाळी घराघरांतल्या नळांचा आवाज ऐकून मी वहीत त्या दिवसाची तारीख लिहिली.

संस्थेच्या अहवालाला ठरलेले शीर्षक असते आणि खाली तीन ओळी. आग आटोक्यात: बुधवार. स्थलांतर पूर्ण: शुक्रवार. परत: शनिवार. पुण्याहून फोन आला. स्थलांतर आगीनंतर पूर्ण कसे झाले? टंकलेखनात चूक दिसते. मी दोन मिनिटे समजावून सांगितले. पलीकडचे गृहस्थ सभ्य होते, त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "तरी आपण मंगळवार करूया का?" मी वीस वर्षे दुसऱ्यांच्या मजकुरात अशाच दुरुस्त्या केल्या होत्या. हरकत घेतली नाही. छापील अहवालात हुंबरवळचे स्थलांतर मंगळवारी पूर्ण झालेले आहे.

आता जे अहवालात नाही ते. हजारभर कलमांपैकी दीडशेच्या आसपास त्या आठवड्यात गेली, मुख्यतः पुढच्या रांगेतली. उरलेली वाचली, आणि जूनमध्ये ती बागायतदारांकडे गेली नाहीत. सड्याच्या उतारावर ज्यांचे काजू जळले होते, त्यांच्याच बागांत लागली. तात्यांनीही नेली. जी दीडशे गेली तीही वाचली असती. त्यासाठी बुधवारी दुपारी रोझलीनने जे वाक्य मला सांगितले, ते मी वहीतून काढून पन्नास पावलांवर बसलेल्या दाजींना सांगायला हवे होते. मी तसे केले नाही. रीत ही परतीच्या कामातली अडचण आहे, असे मी धरून चाललो होतो. पाइप आणला, पत्र आणवले, गुरवाला फितवायचा प्रयत्न केला. रीतीच्या आतून वाट असू शकते, हे माझ्या पुस्तिकेत नव्हते.

परतल्यावर मी तिला विचारले होते, की तिने दाजींना आधीच का सांगितले नाही.

"तुमका सांगितलंय मां," ती म्हणाली.

वही घेऊन आलेल्या माणसाला सांगितले म्हणजे सांगून झाले, असा तिचा समज होता. हा समज मी सोळा वर्षांत किती गावांत निर्माण केला असेल, याची नोंद कुठे नाही.

त्यानंतरची गावपळण आली तेव्हा मी निवृत्त झालो होतो. दाजींचा निरोप आला म्हणून गेलो. काम नव्हते, वही नव्हती. सकाळी कौल झाला आणि गाव निघाला. म्हशी या वेळी आडल्या नाहीत, तरी पाऊण तासाचा गाव बाहेर पडायला चार तास लागले. कारण रोझलीनने रोपवाटिका तिप्पट केली होती.

"हिका कोणी सांगितलेला इतक्या वाढवूक?" तात्या व्हाळात उभे राहून विचारत होते. हातात चार पिशव्या.

"रीत ती रीत," दाजी काठावरून म्हणाले. "तुमीच तेवा माड काढूक इचारीत होतात. माड परवाडले असते?"

कोणीतरी माझ्याही हातात दोन पिशव्या दिल्या. मी चपला काढून व्हाळात उतरलो. पाणी घोट्यापर्यंत होते आणि थंड. पलीकडे जाऊन पिशव्या आंब्याखाली ठेवल्या, तिथे रोझलीन रांगा लावत होती. तिने माझ्या पिशव्या उचलून दुसऱ्या रांगेत ठेवल्या. मी चुकीच्या ठेवल्या होत्या.

शेवटचा माणूस वेस ओलांडून आला तेव्हा दाजींनी नेहमीप्रमाणे मोठ्याने मोजणी केली. "ढोरां इली. कोंबडी इली. कुत्री, मांजरां इली. कलमां इली." मग त्यांची नजर माझ्यावर आली. "आणि हो पेपरवालो? ह्येका कशात धरूचो?"

रोझलीनने मान वर केली नाही.

"इतरांत घाला," ती म्हणाली.